कुत्रे घेऊन मोटारीने पालघर-बोईसरला जाताना



कारखान्याचा पट्टा पडला, खोडव्याला खत-पाणी झाले, की एप्रिल-मे महिन्यात आपल्या घरातील मंडळींना जरा उसंत मिळते. मग लेकी-जावयाकडे, नोकरीच्या गावी असलेल्या मुलांकडे जाणे होते. आपल्या भागातील बरीच मुले पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात नोकरीला आहेत. देशातील पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली तारापूरला सुरू झाले. बोईसरला लागून मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हाही झाला. त्यामुळे आपल्याकडचा एखादा फिटर, केमिस्ट, नर्स किंवा शिक्षक तिकडे भेटतोच.

पूर्वी हा प्रवास एस. टी. ने व्हायचा आणि घरचे कुत्रे शेजाऱ्याच्या भाकरीवर राहायचे. आता पुष्कळांच्या दारात मोटार आली आहे. नातवंडे हट्ट धरतात, “आजोबा, मोतीला पण आणा!” मग मोतीही मागच्या सीटवर बसून समुद्र पाहायला निघतो. यात वावगे काही नाही. मात्र माणसाला मोटारीत जे चालते, ते सगळे कुत्र्याला चालत नाही, आणि त्याला ते सांगता येत नाही.

ऊस विकास खात्याने बेणे, लागण, खत, पाणी यांवर लिहावे, कुत्र्यावर कशाला, असे कुणी म्हणेल. पण गटात फिरताना आम्ही रोज पाहतो, की रानडुकरे आणि कोल्हे यांच्यापासून उसाच्या फडाची राखण हेच मुके जनावर करते. पगार नाही, रजा नाही. वर्षातून एकदा ते आपल्याबरोबर गाडीत बसले तर ते धडधाकट घरी परत यावे, एवढ्यासाठी हा लेख.

पारा कमी, पण धोका जास्त

आपल्या भागातून पालघरकडे जायचे म्हणजे नाशिक, त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर असा रस्ता पुष्कळ जण धरतात. नाशिकपासून अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. एवढ्या अंतरात आपण साधारण दोन हजार फुटांवरून थेट समुद्रसपाटीला उतरतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीला टेकलेला असतो. तिकडे डहाणू-पालघरला तो साधारण तेहतीस-चौतीसच्या घरात असतो. माणूस म्हणतो, “चला, तिकडे जरा बरं आहे.” कुत्र्याच्या बाबतीत मात्र हा हिशेब चुकतो. तो कसा, हे समजून घेतले की पुढच्या सगळ्या सूचना आपोआप कळतील.

आपल्याला अंगभर घाम येतो. कुत्र्याला तो पंजाच्या तळव्यांना तेवढा, आणि तोही थोडाच. बाकी सारा भार जिभेवर. कुत्रे तोंड उघडून धापा टाकते, तेव्हा जिभेवरचा आणि श्वासाच्या वाटेतला ओलावा वाफ होऊन उडतो आणि जाताना अंगातली उष्णता घेऊन जातो. आपल्या ओट्यावरच्या माठाचेही हेच तत्त्व आहे. माठ पाझरतो, पाझरलेले पाणी उडते, म्हणून आतले गार पडते.

आता तोच माठ बोईसरला नेऊन ठेवा. पाणी इथल्यासारखे गार पडणार नाही, कारण तिकडच्या हवेतच ओल भरलेली. मेमध्ये सकाळच्या वेळी हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या पुढे असते. दोरीवर टाकलेले कापड लवकर वाळत नाही. मग कुत्र्याच्या जिभेवरचे पाणी तरी कसे उडणार? ते बिचारे धापा टाकत राहते, पण अंग काही निवत नाही. कोरड्या हवेत वाढलेले आपल्याकडचे कुत्रे चार तासांत अशा दमट हवेत जाऊन पडते. सवय व्हायला त्याला काही दिवस लागतात. म्हणून पहिले तीन-चार दिवस त्याला जपायचे. नाक चपटे असलेल्या पगसारख्या कुत्र्यांना तर श्वासाची वाटच अरुंद. त्यांना दुप्पट जपावे. म्हातारे, लठ्ठ आणि हृदयाचा आजार असलेले कुत्रे शक्य तर उन्हाळ्यात नेऊच नये.

“पाचच मिनिटांत येतो”

सर्वात घातक वाक्य म्हणजे, “गाडीत राहू दे, पाचच मिनिटांत येतो.”

बंद मोटार म्हणजे काचेची पेटी. ऊन काचेतून आत येते, सीट आणि डॅशबोर्ड तापतात आणि ती उष्णता आतच कोंडते. अमेरिकेत यावर मोजमापे झाली असून ती २००५ साली प्रसिद्ध झाली. बाहेरचे तापमान २२ ते ३६ अंश सेल्सिअस असलेल्या स्वच्छ उन्हाच्या दिवसांत बंद मोटारीतील तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढले. या वाढीचा मोठा भाग पहिल्या अर्ध्या तासातच झाला. काचा दोन बोटे खाली ठेवूनही फारसा फरक पडला नाही. म्हणजे पालघरच्या चौतीस अंशांत उभ्या केलेल्या गाडीत तासाभरात पन्नाशीच्या पुढे जाणारी भट्टी तयार होते. त्यात कुत्र्याच्या धापांची वाफ आतल्या हवेत मिसळते. आधीच दमट असलेली हवा आणखी दमट होते आणि जिभेचा उरलासुरला उपयोगही संपतो.

आमच्या गटातील एक सभासद दोन वर्षांपूर्वी सहकुटुंब मुलाकडे निघाले होते. महामार्गावर जेवायला थांबले. हॉटेलात कुत्रे घेऊ देईनात. गाडी झाडाखाली लावली, काचा थोड्या खाली ठेवल्या, वाटीत पाणीही ठेवले. जेवण लवकर उरकले, पण तेवढ्यात झाडाची सावली सरकली होती. परत आले तेव्हा कुत्रे सीटखाली आडवे पडलेले, जीभ काळी-निळी, तोंडाला फेस. डॉक्टरांपर्यंत पोचण्याआधीच ते गेले. त्या घरातील कुणीही निष्काळजी माणूस नाही. सावली, काच, पाणी, सगळ्याचा विचार त्यांनी केला होता. फक्त पंधरा-वीस मिनिटांत असे होऊ शकते, हे त्यांना कुणी सांगितलेले नव्हते. ते इतरांना सांगावे, असे त्यांनीच आम्हाला म्हटले.

म्हणून नियम एकच करावा. कुत्रे बरोबर असेल तर एक माणूस त्याच्याबरोबर गाडीबाहेर सावलीत थांबेल. बाकीचे जेवतील, मग पाळी बदलायची. ए. सी. चालू ठेवून कुत्र्याला एकटे सोडणेही धोक्याचेच. इंजिन बंद पडले की ए. सी. गेला, आणि आपण हॉटेलात. डिकीत कुत्रे घालणे तर सोडूनच द्या.

ऊन लागले तर काय करावे

निरोगी कुत्र्याच्या अंगाचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ते ४१ च्या पुढे गेले की जिवाशी गाठ. थर्मामीटर हाताशी नसला तरी खुणा दिसतात. थांबता न येणाऱ्या धापा, चिकट दाट लाळ, हिरड्या आणि जीभ गडद लाल, मग तोल जाणे, उलटी, जुलाब, झटके. पहिल्या दोन खुणा दिसताच गाडी बाजूला घ्या.

कुत्र्याला सावलीत न्या. सर्वांगावर साधे गार पाणी ओता. पोट, काखा आणि जांघा भिजल्या पाहिजेत. नंतर वारा घाला. पुठ्ठा, टॉवेल, जे हाताशी असेल ते. नुसते ओले कापड पांघरून ठेवू नका, त्याने वाफ कोंडते. शुद्धीत असेल तर थोडे थोडे पाणी पिऊ द्या, शुद्ध नसेल तर तोंडात ओतू नका. आधी अंग थंड करायला लागा आणि मगच दवाखान्याकडे निघा. कुत्रे उठून शेपूट हलवू लागले तरी डॉक्टरांना दाखवाच. आतल्या अवयवांना झालेली इजा पुढच्या एक-दोन दिवसांतही वर येते.

मागच्या सीटवरही पट्टा

मनोरवरून पुढे मुंबई-अहमदाबाद महामार्गाशी आपली गाठ पडते. हा राष्ट्रीय महामार्ग ४८. अवजड वाहनांची सतत ये-जा. याच महामार्गावर चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी मोटार कठड्याला धडकून उद्योगपती सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल यांचे निधन झाले. दोघेही मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टे लावलेले नव्हते, असे तपासात पुढे आले. पुढच्या सीटवरील दोघे जखमी झाले, पण वाचले. त्यानंतर मागच्या सीटच्या पट्ट्याची चर्चा देशभर झाली. नियम मात्र आधीपासूनच होता.

मागे बसलेल्या माणसाला जे लागू, तेच मागे बसलेल्या कुत्र्याला. साधा हिशेब करू. गाडीचा वेग ताशी ५० किलोमीटर, कुत्र्याचे वजन २० किलो. धडकेत गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर त्या कुत्र्याचा धक्का सुमारे २८० किलो वजनाइतका बसतो. म्हणजे जवळजवळ तीन क्विंटल. तेवढे ओझे मागून येऊन चालवणाऱ्याच्या मानेवर आदळले तर काय होईल, हे उसाच्या मोळ्या उचललेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

म्हणून कुत्र्याला छातीवरून जाणारा पट्टा, ज्याला दुकानात हार्नेस म्हणतात, तो घालावा आणि मागच्या सीटच्या बेल्टला अडकवावा. गळपट्टा आणि साखळी गाडीत बांधू नये. ब्रेक लागला की गळ्याला फास बसतो. लहान कुत्रे किंवा मांजर पिंजऱ्यात, आणि पिंजराही बेल्टने आवळलेला. पिंजऱ्यात उभे राहता यावे, वळता यावे, एवढी जागा हवी. पुढच्या सीटवर किंवा मांडीवर कुत्रे नको. एअरबॅग माणसाच्या मापाने केलेली असते. ती फुगली तर मांडीवरच्या जिवाला तीच मारक ठरते.

खिडकीबाहेर डोके काढून वारा खाणारे कुत्रे फोटोत छान दिसते. पण डंपरच्या चाकाखालून उडालेली खडी डोळ्यात गेली तर डोळा जातो. पिकअपच्या हौद्यात साखळीने बांधून नेण्याची आपल्याकडे सवय आहे. ती सोडावी. वळणावर कुत्रे फाळक्यावरून उडी घेते आणि साखळीला लटकते.

घाट, उलटी आणि औषध

जव्हारकडे उतरताना वळणे भरपूर. माणसांनाही मळमळते, तिथे कुत्र्याचे काय! पोटभर भाकरी-दूध घालून लगेच निघू नये. खाणे-पिणे निदान दोन तास आधी उरकावे. घाटाचा रस्ता असेल तर तीन-चार तास आधी, आणि तेही थोडेच द्यावे. ज्या कुत्र्याने कधी गाडी पाहिलेली नाही, त्याला एकदम दीडशे किलोमीटर नेऊ नये. आधी आठ-पंधरा दिवस उभ्या गाडीत बसवावे, मग शेतापर्यंत, मग बाजारापर्यंत. बैलाला औताची सवय लावताना आपण हेच करतो.

उलटीचे औषध लागलेच तर ते पशुवैद्यकीय डॉक्टरांकडून, वजनाप्रमाणे घ्यावे. माणसाच्या गोळ्या मनाने देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. नाशिकवरून जाताना आपण द्राक्षे आणि बेदाणे घेतो. ते कुत्र्याला अजिबात देऊ नयेत. द्राक्षे आणि बेदाण्यांनी काही कुत्र्यांचे मूत्रपिंड निकामी होते, आणि कुठल्या कुत्र्याला किती बाधेल हे आधी सांगता येत नाही. चॉकलेट आणि कांदाही वर्ज्य. गाडीत ऊस खाऊन टाकलेली चिपाडे तेवढी उचलून ठेवा. ती गिळली तर आतड्यात अडकतात.

कागदपत्रे आणि कायदा

रेबीजची लस घेतल्याचे कार्ड गाडीत ठेवावे. लस नसेल तर प्रवास पुढे ढकलावा. रेबीजची लक्षणे दिसू लागली की जवळजवळ कुणीच वाचत नाही, मग ते जनावर असो वा माणूस. पावसाळ्यात जाणार असाल तर लेप्टोस्पायरोसिसची लस झाली आहे का, हेही विचारावे. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या साचलेल्या पाण्यातून हा रोग जनावरांना आणि माणसांनाही होतो. कोकणच्या पावसात असे पाणी जागोजाग असते.

प्राण्यांच्या वाहतुकीचे नियम १९७८ सालचे आहेत. कुत्रा-मांजर पाठवताना प्रवासास योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला, लांबच्या प्रवासात उन्हाळ्यात दर चार तासांनी व हिवाळ्यात दर सहा तासांनी पाणी, आणि दिवस भरत आलेल्या मादीला प्रवासबंदी, या गोष्टी त्यात आहेत. आपल्या गाडीतून आपले कुत्रे नेतानाही हे माप धरावे. प्राण्यांना निर्दयतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० सालच्या कायद्याप्रमाणे वाहनातून विनाकारण यातना होतील अशा रीतीने प्राणी नेणे हा गुन्हाच आहे. कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड लिहिला आहे. पन्नास रुपयांना आता फारसे काही येत नाही, पण गेलेले जनावर कितीही रुपयांना परत येत नाही.

जाता जाता शेळीचेही सांगतो, कारण पुष्कळ जण विचारतात. मोटारीच्या मागच्या सीटवर शेळ्या कोंबून नेऊ नयेत. २०१५ साली मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन जनावरांच्या वाहतुकीच्या वाहनात प्रत्येकासाठी कायमचे वेगळे कप्पे ठरवून दिले गेले. गाय-म्हशीला २ चौरस मीटर आणि शेळी-मेंढीला ०.३ चौरस मीटर.

तिकडे पोचल्यावर

केळवे, शिरगाव, चिंचणी इथे समुद्रकाठी सुरूची बने आहेत. सकाळ-संध्याकाळ कुत्र्याला फिरवायला जागा उत्तम. मात्र त्याला समुद्राचे पाणी पिऊ देऊ नये, त्याने उलट्या-जुलाब होतात. बरोबर गोडे पाणी ठेवावे आणि परत आल्यावर अंगावरचे मीठ-वाळू धुवावी. सातपाटीसारख्या कोळीवाड्यात वाळत घातलेल्या मासळीवर कुत्रे सोडणे म्हणजे लोकांच्या पोटावर पाय देणे. तिथे पट्टा हातात घट्ट हवा. जाळ्याचे तुकडे आणि गळ यांपासूनही जपावे.

बोईसरची औद्योगिक वसाहत रासायनिक कारखान्यांची आहे. तिथल्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलेला आहे. त्या भागातील नाल्याला, गटाराला कुत्र्याने तोंड लावू नये, एवढे पाहावे. दुपारी डांबरी रस्त्यावर चालवू नये. आपला तळहात रस्त्यावर सात आकडे मोजेपर्यंत टेकवता आला नाही, तर त्याचे पंजेही पोळणार.

निघण्यापूर्वी हे पाहा

१. पहाटे चारला निघा. रात्रपाळीच्या लाइटीवर पाणी द्यायला आपण उठतोच. नाशिकवरून निघालात तर ऊन तापायच्या आत बोईसर गाठता येते.

२. पाच लिटर पिण्याचे पाणी, पसरट भांडे, जुना टॉवेल, हार्नेस, साखळी, लसीचे कार्ड.

३. दर दीड-दोन तासांनी थांबा. आधी साखळी अडकवा, मग दार उघडा. बुजलेले कुत्रे अनोळखी रस्त्यावर पळते आणि सापडत नाही.

४. गळपट्ट्यावर मोबाइल नंबर लिहिलेला बिल्ला असावा.

५. पोचण्याच्या गावातील पशुवैद्यकीय दवाखान्याचा पत्ता आणि फोन मुलाकडून आधीच मागवून घ्या. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे, तोही लिहून ठेवा.

६. पाच मिनिटांसाठीही गाडीत एकटे सोडू नका.

यातली सहावी सूचना घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः गाडी चालवणाऱ्या पोरांना, वाचून दाखवावी. आणि ज्यांना वरील काळजी घेणे शक्य नसेल त्यांनी कुत्र्याला शेजाऱ्याच्या ओसरीवर ठेवून जावे. त्यात कमीपणा नाही. आठ दिवस ते दाराकडे डोळे लावून बसेल, पण आपण परत आलो की उड्या मारत सामोरे येईल. येत्या सुट्टीत जाणाऱ्या सर्व सभासदांना सुखरूप प्रवासाच्या शुभेच्छा. निघण्यापूर्वी कुत्र्याच्या लसीचे कार्ड तेवढे आजच काढून पाहावे, ही विनंती.